दुसरा पाय

फोटो एकाच पायाचा होता. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री साडेदहाला, ठाण्यातल्याच एका फॅमिली डॉक्टरांनी व्हॉट्सॲपवर पाठवला. डावी पोटरी घोट्यापासून अर्ध्यापर्यंत लालभडक, सुजलेली, मध्येमध्ये पाणी सुटलेलं. खाली मजकूर: 'सेल्युलायटिस. तिसरा कोर्स चालू आहे, लाली हटत नाही. औषध बदलू का?' मी दवाखाना बंद करून निघाले होते. सेल्युलायटिस म्हणजे कातडीत आणि तिच्या खालच्या थरात जंतूंनी केलेलं इन्फेक्शन. फोटो मोठा करून पाहिला आणि लिहिलं, 'दोन दिवस बघा, नाही उतरलं तर पाठवून द्या.'

माझं उत्तर चुकलं. दुसरा पाय कसा आहे, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी, ज्यांचा तो पाय होता त्या मावशी आल्या, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून. वय ५८. नौपाड्यात बावीस वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवतात. पहाटे पाचला गॅस पेटतो तो दुपारी दीडपर्यंत बंद होत नाही, संध्याकाळी पुन्हा तीन तास. रोजच्या दोनशे-सव्वादोनशे पोळ्या, आणि भाजायचं काम त्या तोवर दुसऱ्या कुणाला देत नव्हत्या. मधुमेह नऊ वर्षांपासून, गोळ्यांवर बऱ्यापैकी आटोक्यात. रक्तदाब आहे. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

आजाराची गोष्ट घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ होती आणि सगळे ती एकाच ठिकाणापासून सुरू करत होते. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात वंदना टॉकीजजवळ पाणी तुंबलं, मावशी त्या घाण पाण्यातून चालत घरी आल्या, आणि आठवड्याभरात डावा पाय लाल झाला. शेजारच्या आजींनी सांगितलं, हे धावरं, गेरूचा लेप लावा. फॅमिली डॉक्टरांनी सेल्युलायटिस म्हणून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट दिलं, सात दिवस. फरक पडला नाही. मधुमेह असल्यामुळे कुणाला धोका पत्करायचा नव्हता, म्हणून एका नर्सिंग होममध्ये पाच दिवस ॲडमिट केलं आणि शिरेतून दोन अँटिबायोटिकं दिली. तिथे पाय चांगलाच उतरला. घरी आल्यावर चौथ्या दिवशी, गॅससमोर उभं राहायला लागल्यावर, पुन्हा पहिल्यासारखा झाला. दरम्यान जखमेच्या पाण्याचा स्वॉब, म्हणजे बोळ्यावर टिपलेला नमुना, लॅबला पाठवला होता, त्यात स्टॅफिलोकोकस हा जंतू उगवला. त्या रिपोर्टवरून तिसरा कोर्स लिनेझोलिडचा. त्यात जुलाब लागले, तोंडाची चव गेली, आणि केंद्र दहा दिवस बंद पडलं. मुलाने कुठेतरी 'गँगरीन' हा शब्द वाचला होता. तेव्हापासून घरात कुणी मोकळेपणी बोलत नव्हतं.

मावशींनी डावा पाय पुढे केला. मी म्हटलं, "आधी उजवा दाखवा."

"त्याला काही नाही झालेलं," त्या म्हणाल्या आणि साडी घोट्याच्या वरपर्यंत नेऊन थांबल्या. मी गुडघ्यापर्यंत वर करायला सांगितली.

उजव्या पायाला बरंच काही झालेलं होतं, फक्त फार जुनं. घोट्याच्या आतल्या बाजूला तपकिरी डागांचा पट्टा होता, लोखंडी तव्याच्या कडेला चढतो तसल्या रंगाचा. ही तुलना मी रुग्णांना नेहमी सांगते, कारण तो रंग खरंच लोहाचाच असतो: शिरांमधला दाब वाढला की तांबड्या पेशी बाहेर झिरपतात, फुटतात आणि त्यांच्यातलं लोह कातडीत साठून राहतं. अंगठ्याने दहा सेकंद दाबलं तर खड्डा पडला आणि भरून यायला वेळ लागला. घोट्याच्या वरची कातडी चिमटीत येईना, आत लाकडी फळी असल्यासारखी टणक. गुडघ्यामागे निळ्या शिरांचं जाळं. म्हणजे जे डाव्या पायाला होत होतं त्याच्या आधीची पायरी उजव्या पायावर होती, पाऊस पडायच्या कितीतरी वर्षं आधीपासून.

मग डावा पाय. आमच्या पाठ्यपुस्तकांतले सेल्युलायटिसचे फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात, त्यातला लाल रंग टोमॅटोसारखा दिसतो. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर लाली तांबूस-जांभळट होते, आणि त्यात जुना तपकिरी रंग मिसळला की लाल कुठे संपतं आणि तपकिरी कुठे सुरू होतं तेच कळत नाही. रंगावर विसंबून निदान करायला गेलं की इथेच पाय घसरतो. म्हणून मी हाताने पाहिलं. पाय कोमट होता, पण तापलेला नव्हता. दाबल्यावर मावशी कळवळल्या नाहीत. पृष्ठभागावर खवले, बारीक पाण्याचे फोड, पिवळट खपल्या, ओरखडे. आणि पोटरीच्या मध्यावर लाली एका सरळ रेषेत संपत होती, पट्टीने आखल्यासारखी. जंतू अशी सरळ रेष आखत नाहीत. ती रेष ड्रेसिंगच्या कडेची होती.

"खाजतं का?"

"ते विचारूच नका. रात्री पलंगाच्या कडेला पोटरी घासत बसते. दुखण्यापेक्षा खाजच फार."

ताप आला होता का, थंडी वाजली होती का, असं तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलं. एकदाही नाही. नर्सिंग होमच्या कागदांवर पाचही दिवस ९८ च्या घरातलं तापमान, नाडी ७८ ते ८२, पांढऱ्या पेशी ७,८०० लिहिलेल्या होत्या. सगळी माहिती फाइलमध्ये होती. फक्त ती निदानाच्या विरोधात जाते आहे, हे कुणी थांबून वाचलं नव्हतं.

मग एक अगदी साधी गोष्ट केली, जिला पैसे लागत नाहीत. मावशींना आडवं झोपवलं, डावी टाच तळहातावर घेतली आणि पाय पंचेचाळीस अंशांत उचलून धरला. भिंतीवरच्या घड्याळात दोन मिनिटं. लाली हळूहळू ओसरत गेली आणि खाली मुख्यतः तपकिरी रंग उरला. पाय खाली सोडल्यावर सून म्हणाली, "मॅडम, बाटलीत सरबत भरावं तसा रंग परत चढला." सेल्युलायटिसची लाली पाय वर केल्याने अशी उतरत नाही, कारण तिथे कातडीत जळजळ पेटलेली असते. इथे रक्त साचलेलं होतं.

मी विचारलं, "हॉस्पिटलात पाच दिवस तुम्ही काय करत होता?"

"काय करणार? पडून होते. पायाखाली दोन उशा दिल्या होत्या, बाथरूमपुरतं उठायचं."

या प्रकरणात मला सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे. पाच दिवस पाय हृदयाच्या पातळीच्या वर होते. बावीस वर्षांत त्या पायांना इतकी विश्रांती कधी मिळाली नव्हती. पाय उतरला तो उशांनी, आणि श्रेय गेलं सलाइनच्या बाटलीला. पुढे घरी आल्यावर पाय पुन्हा सुजला तेव्हा सगळ्यांना वाटलं की अँटिबायोटिक कमी पडलं. खरं तर उशी काढली होती आणि गॅस पेटवला होता.

पायातलं रक्त वर चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळतात, शिरा पिळल्या जातात, आणि शिरांच्या आतल्या झडपा रक्ताला खाली परत येऊ देत नाहीत. एका जागी तासन्‌तास उभं राहिलं की हा पंप थांबतो. वर्षानुवर्षं असं झालं की झडपा सैल पडतात, रक्त उलटं खाली येतं, दाब घोट्याशी साठतो, पाणी आणि पेशी बाहेर झिरपतात, आणि त्यांच्या पाठोपाठ दाह. कातडीवर दाह झाला की खाज, खवले, पाणी सुटणं: स्टेसिस डर्मटायटिस, म्हणजे साचलेल्या रक्ताचा इसब. कातडीखालच्या चरबीत झाला की तो भाग आधी दुखरा, लाल आणि नंतर टणक होतो: लिपोडर्मॅटोस्क्लेरोसिस. मावशींच्या दोन्ही पायांवर दोन्ही होतं, कमी-अधिक.

पण एवढ्याने डाव्या पायाचा तो भडका आणि ती सरळ रेष सुटत नव्हती. मी सुनेला म्हटलं, पायाला लावलेलं सगळं टेबलावर काढा. पिशवीतून तीन मलमं निघाली. त्यातल्या दोहोंमध्ये निओमायसिन हे अँटिबायोटिक होतं. मावशी ते महिनाभर दिवसातून तीन-चार वेळा, जाड थराने लावून वर पट्टी बांधत होत्या. "जास्त लावलं की लवकर सुकेल वाटलं." निओमायसिन हे स्पर्शाच्या ॲलर्जीचं एक सर्वांत ओळखीचं कारण आहे, आणि शिरांच्या आजाराने आधीच खराब झालेली पोटरीची कातडी अशा ॲलर्जीला फार लवकर बळी पडते. म्हणजे इन्फेक्शन समजून जे लावलं जात होतं, तेच आग वाढवत होतं, आणि आग वाढली की आणखी लावलं जात होतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली. आठवड्यापासून दोन्ही हातांवर, कोपरापासून मनगटापर्यंत, बारीक खाजरी पुरळ आली होती. घरच्यांना वाटलं, इन्फेक्शन रक्तात पसरलं. पायाचा इसब फार चेतला की शरीर दूर हातांवरही तसाच प्रतिसाद देतं, दोन्ही बाजूंना सारखा. मला त्या पुरळीने उलट धीर दिला. जंतू पायातून निघून दोन्ही हातांवर असे जोडीने उगवत नाहीत.

स्वॉबबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिसरा कोर्स त्या कागदावरून सुरू झाला. इसब झालेल्या, पाणी सुटलेल्या कातडीवर स्टॅफिलोकोकस बहुतेक वेळा राहायलाच असतो. तो सापडला याचा अर्थ तो आजार करतो आहे असा होत नाही. पण छापील रिपोर्टवर जंतूचं नाव आणि खाली औषधांची यादी आली की पुढची चिठ्ठी जणू आपोआप लिहिली जाते. कातडी शाबूत असलेल्या सेल्युलायटिसमध्येसुद्धा वरून घेतलेल्या स्वॉबचा फारसा उपयोग नसतो.

फॅमिली डॉक्टरांना दोष द्यायचा माझा हेतू नाही. घाण पाणी, मधुमेह, लाल पाय, हातात लॅबचा रिपोर्ट: कुणीही तिकडेच गेलं असतं, आणि त्या रात्री मीही गेले. ही चूक जगभर होते. २०१७ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पायाचा सेल्युलायटिस म्हणून इमर्जन्सीतून दाखल झालेल्या २५९ जणांच्या नोंदी तपासल्या, तर ७९ जणांना, म्हणजे ३०.५ टक्क्यांना, सेल्युलायटिस नव्हताच. त्याच वर्षी एएलटी-७० नावाचा सोपा गुणांक आला: लाली एकाच पायाला असेल तर ३ गुण, पांढऱ्या पेशी १०,००० किंवा जास्त असतील तर १, नाडी ९० किंवा जास्त असेल तर १, वय ७० किंवा जास्त असेल तर २. पाच किंवा त्याहून जास्त आले तर सेल्युलायटिसची शक्यता मोठी. दोन किंवा कमी आले तर दुसरं काही शोधा. मावशींचा गुणांक तीन, तोही फक्त एकाच पायाच्या लालीमुळे; म्हणजे मधला, खात्री न देणारा. तो आपल्या तपासणीची जागा घेत नाही, पण रात्री साडेदहाला फोटो पाहताना डोक्यात असता तर मी निदान पहिला प्रश्न तरी बरोबर विचारला असता.

तपासण्या थोडक्याच केल्या. डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, खोल शिरेत गुठळी नाही, हे आधी पक्कं करून घेतलं, कारण तो पर्याय चुकून चालत नाही. दोन्ही बाजूंच्या मोठ्या वरवरच्या शिरेच्या झडपा गळत होत्या, डावीकडे जास्त. पट्टी बांधण्याआधी धमन्या पाहणं आवश्यक होतं; रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला घट्ट बांधलं तर खरोखरच पाय धोक्यात येतो. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर १.१ आलं. मधुमेहात धमन्या कडक झालेल्या असतील तर हा आकडा खोटाच चांगला येऊ शकतो, म्हणून फक्त आकड्यावर न थांबता पावलापर्यंतचा प्रवाहही पाहिला. तो चांगला होता. बायॉप्सी मुद्दाम केली नाही. या टणक कातडीत केलेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही, कधी कधी तिथेच व्रण होतो.

सगळ्यांत अवघड होतं अँटिबायोटिक बंद करायला घरच्यांना तयार करणं. मुलगा दुपारी आला. शांत मुलगा, पण आवाज थरथरत होता. "मॅडम, आईला शुगर आहे. बंद केलं आणि पाय गेला तर?" त्याच्या प्रश्नाला 'काही होणार नाही' हे उत्तर नव्हतं. मी बॉलपेनने लालीच्या कडेने रेघ आखली आणि त्याला सांगितलं: सकाळ-संध्याकाळ ताप मोजून लिहा. रेघेच्या पलीकडे लाली गेली, ताप १०० च्या वर गेला, थंडी वाजली किंवा पाय एकदम दुखायला लागला, तर रात्री दोनलाही फोन करा. काहीही झालं तरी ४८ तासांनी मी पाय पुन्हा पाहणार. त्याने कागद घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला.

मलमं सगळी बंद. पाणी सुटत होतं तोवर पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याच्या ओल्या घड्या, दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं. पाणी जांभळं दिसलं तर जास्त झालं, ओतून द्या, हे दोनदा सांगितलं. त्यावर स्टेरॉइडचं मलम दिवसातून एकदा दोन आठवडे, मग एक दिवसाआड; वरून साधी पेट्रोलियम जेली, सुवासिक काही नाही. आणि बोटांपासून गुडघ्यापर्यंत कमी ताणाच्या पट्ट्या, आमच्या नर्सकडून, आठवड्यातून दोनदा. ४८ तासांनी पट्टी सोडली तेव्हा लाली रेघेच्या बोटभर आत होती. मुलगा त्या रेघेकडे बराच वेळ पाहत होता.

फॅमिली डॉक्टरांना फोन केला तेव्हा अजून एक धागा सापडला. मार्चमध्ये रक्तदाबाचं अम्लोडिपिन ५ वरून १० मिलिग्रॅम केलं होतं. हे चांगलं औषध आहे, पण जास्त मात्रेत कित्येकांचे घोटे सुजतात. मावशींना आठवलं की चपलेचा पट्टा एप्रिलमध्येच घट्ट व्हायला लागला होता. पाऊस त्यानंतर आला. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात औषध बदललं. आता ते मला फोटो पाठवतात तेव्हा दोन्ही पायांचा पाठवतात.

तिसऱ्या आठवड्यापासून स्टॉकिंग्ज, म्हणजे पोटरीला दाब देणारे मोजे. इथे बहुतेक उपचार मोडतात, कारण ठाण्याच्या दमटपणात, गॅसच्या धगीसमोर, गुडघ्यापर्यंत घट्ट मोजे घालायला कुणाला आवडणार? आणि ते चढवणं हीच एक कसरत. नर्सने शिकवलं: पावलावर आधी पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवायची, त्यावरून मोजा सरकवायचा, हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे घालायचे म्हणजे कापड धरता येतं, मग पुढच्या उघड्या टोकातून पिशवी ओढून काढायची. आणि हे पहाटे पलंगावरच, पाय जमिनीला लागायच्या आत. मावशींनी एक जोडी धुवायला, एक घालायला, अशा दोन घेतल्या. ओट्याशी उंच स्टूल आलं. पोळ्या लाटायचं काम बसून, भाजायला एका बाईला शिकवलं (याला सर्वांत जास्त विरोध होता), आणि उभं राहावं लागलंच तर दर थोड्या वेळाने टाचा वर-खाली. दुपारी जेवणानंतर अर्धा तास पाय भिंतीला. पोटरीचं माप दर सोमवारी सकाळी शिंप्याच्या टेपने घेऊन त्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहायच्या: डावी ३९ सेंटिमीटर, उजवी ३६. ऑक्टोबरपर्यंत डावी ३६.

ऑक्टोबरमध्येच, कातडी निवल्यावर, स्पर्शाची ॲलर्जी कशाची आहे ते शोधणारी पॅच टेस्ट केली. पाठीवर लावलेल्या पट्ट्या ४८ तासांनी काढल्या, ९६ तासांनी पुन्हा वाचल्या. निओमायसिनच्या जागी लाल, फोडांसकट उंचवटा. त्याच कुळातलं फ्रामायसेटिनही त्यांनी यापुढे लावायचं नाही. दोन्ही नावं मराठीत एका कार्डावर लिहून दिली. ते कार्ड त्यांनी केंद्रातल्या पैशांच्या डब्यात ठेवलं आहे. थंडीत व्हॅस्क्युलर सर्जनने डावी गळकी शीर लेझरने बंद केली. त्याच दिवशी चालत घरी.

लाकडासारखी कातडी मऊ झाली नाही. ती पूर्ण होतही नाही. तपकिरी रंगही राहणार.

पुढच्या वर्षी, गौरी-गणपतीच्या आठवड्यात, मोदकांच्या ऑर्डरींच्या गर्दीत, मावशींचा स्वतःचा फोन आला. आवाज कापत होता. "मॅडम, मागच्या वेळचं नाही हे. रात्री दोन गोधड्या घेतल्या तरी थंडी जात नव्हती. ताप एकशे दोन. एकच पाय आहे, हात लावू देत नाही."

अर्ध्या तासात त्या दवाखान्यात होत्या. टेबलावर बसताच त्यांनी साडी गुडघ्यापर्यंत घेतली आणि मी काही म्हणायच्या आत दोन्ही पाय पुढे केले. उजवा थंड, जसा होता तसा. डावा तापलेला, ताणलेला, लाली मांडीकडे सरकत चाललेली, जांघेत दुखरी गाठ. करंगळीच्या बेचक्यात चिखल्या, कातडी पांढरी पडून फाटलेली. जंतूंना आत शिरायला तेवढी चीर पुरते, आणि सुजेच्या पायात ते सहज पसरतात. लालीभोवती निळ्या पेनाची रेघ होती, शेजारी वेळ लिहिलेली: सकाळी ६.१०.

"ही कुणी आखली?"

"मीच," मावशी म्हणाल्या. "आता या वेळी अँटिबायोटिक द्याल ना?"

मी सेफालेक्सिन लिहून दिलं, चिखल्यांना बुरशीचं मलम दिलं, आणि दुखणं कमी होईपर्यंत डाव्या पायाचा मोजा काढून ठेवायला सांगितला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला, आणि तिसऱ्या दिवशी लाली रेघेच्या आत आली.